गॅपचं कारण

"कारण काय टाकू?" टायपिस्टनं विचारलं.

नाशिकला जुन्या सीबीएससमोर जिल्हा न्यायालय आहे. त्याच्या आसपास एका छत्रीखाली लॅपटॉप, प्रिंटर आणि शेजारच्या टपरीतून ओढलेली वायर एवढ्या भांडवलावर हा गृहस्थ अवघ्या जिल्ह्याची प्रतिज्ञापत्रं करून देतो. मी म्हटलं होतं, गॅप सर्टिफिकेट पाहिजे. त्यानं मान वर न करता फॉरमॅट उघडला आणि नाव विचारलं. मी सांगितलं. वय विचारलं. अठ्ठेचाळीस म्हटल्यावर त्यानं चष्म्यावरून पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"तुमचं नाही हो. मुलाचं."

"मुलाचा गॅप नाही. माझाच आहे."

"शेवटचं शिक्षण?"

"बीकॉम. १९९८."

त्यानं बोटांवर मोजायला सुरुवात केली, बोटं संपली, मग कॅल्क्युलेटर उघडला. सत्तावीस. त्याच्याकडे एरवी येणारे गॅप वर्ष-दोन वर्षांचे असतात. बारावीत अडकलेली, नीट पुन्हा देणारी पोरं. हे गिऱ्हाईक मोठं होतं.

"कारणं दोनच असतात बघा. घरगुती नाहीतर आजारपण. आजारपण टाकलं तर कुणीतरी डॉक्टरचं मागतं. घरगुती टाकतो. घरगुतीला कुणी काही विचारत नाही."

या सत्तावीस वर्षांत मी बँकेत चिकटलो, लग्न केलं, तीन बदल्या भोगल्या, वीस वर्षांचं गृहकर्ज काढून एकोणीस वर्षं फेडलं, नोटाबंदीचे पन्नास दिवस काउंटरच्या आतल्या बाजूनं पाहिले, वडिलांना पोचवलं आणि एक मुलगा बारावीपर्यंत आणून सोडला. या सगळ्याला विद्यापीठाच्या भाषेत 'खंड' म्हणतात, आणि त्याचं कारण घरगुती. मी मनातल्या मनात यादी दोनदा तपासली. घरगुती नव्हतं असं त्यात फारसं काही सापडलं नाही.

खाली फॉरमॅटमध्येच एक वाक्य तयार होतं: सदर कालावधीत मी इतर कोणत्याही शैक्षणिक संस्थेत प्रवेश घेतलेला नाही व कोणत्याही बेकायदेशीर कृत्यात सहभागी नव्हतो. पहिला भाग शंभर टक्के खरा. दुसऱ्या भागापाशी मी जरा अडखळलो, कारण कर्ज घ्यायला आलेल्या माणसाच्या गळ्यात विम्याची पॉलिसी बांधणं कशात मोडतं हे मला अजून कळलेलं नाही. ते कळावं म्हणूनच तर वकिलीला निघालो होतो. सही केली.

वकिलीचं खूळ डोक्यात शिरलं ते कोर्टातच. बँकेनं मला वसुली विभागात टाकलं आणि न वटलेल्या चेकांच्या खटल्यांत बँकेतर्फे साक्षीदार म्हणून उभं राहायचं काम माझ्या नशिबी आलं. 'उभं राहायचं' हे मी शब्दशः सांगतोय. साक्षीदाराला कोर्टात बसायला मिळेल याची खात्री नसते. वकिलाला खुर्ची असते. चार वर्षं अशी कोर्टात उभ्यानं काढल्यावर कलम १३८ मला हनुमान चालिसासारखं पाठ झालं. चेक परत आल्याचं बँकेकडून कळलं की तीस दिवसांत नोटीस, ती समोरच्याला मिळाली की पंधरा दिवसांची मुदत, त्यानंतर एका महिन्यात तक्रार. एकदा आमच्या वकिलांना नोटिशीची तारीख आठवेना. मी मागून हळूच सांगितली. पुन्हा अडले, पुन्हा सांगितली. तिसऱ्या वेळी न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "तुम्ही वकील आहात का?" मी म्हटलं, "नाही साहेब." "मग गप्प बसा," असं ते म्हणाले. बसायला जागा नव्हती, तरी त्या क्षणी ठरलं.

चौकशी केली तर अडचण कुठेच निघेना. फार वाईट वाटलं. माझी अशी खात्री होती की वयाची अट असेल, मी दोन दिवस हळहळेन आणि प्रकरण मिटेल. पण तीन वर्षांच्या एलएलबीच्या सीईटीला वयाची अट नाही. बँकेत वीस वर्षं झाली की तीन महिन्यांची नोटीस देऊन पेन्शनसह बाहेर पडता येतं, आणि माझी पंचवीस झालेली. ते करावंच लागणार होतं, कारण पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही, असा बार कौन्सिलचा नियम आहे. सत्तर टक्के हजेरी हवी, पण कॉलेज सकाळचं. एकेक दार उघडंच निघत गेलं. शेवटी एकच अट उरली: पदवीला पंचेचाळीस टक्के.

इथे थोडा कौटुंबिक इतिहास सांगणं भाग आहे. आमच्या घरात गेली अठरा वर्षं अशी समजूत आहे की बीकॉमला माझा फर्स्ट क्लास दोन मार्कांनी हुकला. ही समजूत मीच घालून दिली आणि वेळोवेळी तिला खतपाणी घातलं. मुलाला दहावीत कमी मार्क पडले तेव्हा तिचा उपयोग झाला. अकरावीत तर फारच झाला. आता अर्ज ऑनलाइन, मार्कशीट स्कॅन करून चढवायची, आणि घरात स्कॅन करता येणारा माणूस एकच.

मार्कशीट माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत, माझ्या पत्रिकेच्या खाली निघाली. मी ती मुलाच्या हातात उलटी दिली. स्कॅन करायला त्यानं ती सुलट केली.

"बाबा, इथं 'पास क्लास' लिहिलंय."

"तेव्हा तसंच लिहायचे."

"सत्तेचाळीस पूर्णांक शून्य आठ."

मी पंख्याकडे बघितलं. आई जपमाळ थांबवून म्हणाली, "अरे, पण दोन मार्कांनी काहीतरी हुकलं होतं ना तुझं?" बायको स्वयंपाकघरातून काहीच बोलली नाही. अठरा वर्षांचा संसार असला की काही न बोलण्यातही चढउतार ऐकू येतात. पोरगं मात्र दिलदार निघालं. "असू दे बाबा," म्हणालं, "पंचेचाळीसची अट आहे, तुम्ही दोन टक्क्यांनी पास झालात." म्हणजे दोनचा आकडा खरा होता, फक्त दिशा चुकली होती.

पेटीतून कॉलेज सोडल्याचा दाखलाही निघाला. 'वर्तणूक : चांगली'. 'प्रगती' या रकान्यात 'बरी'. आणि 'संस्था सोडण्याचे कारण' यापुढे त्या वेळच्या हेडक्लार्कनं गोलगोल अक्षरात लिहिलं होतं: 'शिक्षण पूर्ण'. खाली शिक्का. इतक्या ठामपणे माझ्याविषयी त्यानंतर कुणी काही लिहिलेलं नाही.

अर्जात विद्यापीठ निवडायचं होतं. माझ्या पदवीवर 'पुणे विद्यापीठ'. नाशिकचं कॉलेज असलं तरी विद्यापीठ तेच. यादीत ते सापडेना. २०१४ साली त्याचं नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं, हे मला माहीत होतं, बातमी वाचली होती, योग्यच झालं असंही म्हटलं होतं. पण ते आपल्या पदवीला लागू आहे हे डोक्यात शिरलं नव्हतं. लग्नानंतर नाव बदललेल्या वर्गमैत्रिणीला फोनमध्ये जुन्या आडनावानं शोधत बसावं तसं मी 'प'मध्ये शोधत होतो आणि विद्यापीठ 'स'मध्ये सुखानं नांदत होतं.

मग अभ्यास. अभ्यासाची तयारी हा अभ्यासापेक्षा कितीतरी आनंदाचा भाग आहे, हे मी दहावीपासून जाणतो. त्यामुळे तीत मी कसूर केली नाही. चार रंगांचे हायलायटर आणले. पिवळ्या चिकटचिठ्ठ्यांचे गठ्ठे आणले. टेबललॅम्प आणला. टेबलाचा प्रश्न होता, कारण ते एकच, आणि त्यावर मुलाची एमएचटी-सीईटी मांडलेली. त्याची परीक्षा आणि माझी परीक्षा एकाच शासकीय सीईटी सेलची. घरात अचानक एकाच खात्याचे दोन उमेदवार झाले. बायकोनं वाटणी करून दिली: टेबल त्याचं, ओटा तिचा, देवघरासमोरची चटई माझी. पहाटे चार ते सहा असं वेळापत्रक मी दारामागे लावलं. त्याला चार रंग दिले होते, त्यात दोन तास गेले. पहिल्या पहाटे उठलो, चहा केला, चटईवर बसलो आणि साडेसहाला आईनं मला उठवून विचारलं, "इथं का झोपलास?"

पुस्तकांच्या बाबतीत मला स्वस्ताईचा मोह झाला. रद्दीच्या दुकानात कायद्याची जाडजूड पुस्तकं वजनावर मिळत होती. भारतीय दंड विधान, फौजदारी प्रक्रिया संहिता, पुरावा कायदा, सगळी कापडी बांधणीत. मी साडेचार किलो घेतली. रद्दीवाल्यानं एवढ्या आनंदानं पिशवी का दिली हे घरी आल्यावर मुलानं सांगितलं. १८६० सालचं दंड विधान १ जुलै २०२४ ला निवृत्त झालं होतं, सोबत बाकीची दोघंही. आता भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम. दंड विधानात ५११ कलमं होती, संहितेत ३५८ आहेत. अभ्यास कमी झाला म्हणून मी खूश झालो, पण खरी अडचण आकड्यांचीच निघाली.

मराठी माणसाला कायदा येत नसला तरी तीन कलमं जन्मतः येतात. खून म्हणजे तीनशेदोन. जमावबंदी म्हणजे एकशेचव्वेचाळीस. आणि लबाड माणूस म्हणजे चारशेवीस, त्यावर तर राज कपूरनं १९५५ सालीच अख्खा सिनेमा काढला. आता फसवणुकीचं कलम ३१८, त्यातही पोटकलम ४. मला सांगा, भाजीवाल्याला "काय रे, तीनशेअठरा कंसात चार आहेस का?" असं विचारलं तर त्याला अपमान वाटेल का? तो पिशवीत तीनशे ग्रॅम भेंडी भरून देईल. शिव्या तयार व्हायला पिढ्या जातात. संसदेला कायदा बदलता येतो, पण चारशेवीसची जागा रिकामी पडली आहे आणि ती भरायला अजून कुणी आलेलं नाही.

तर्काच्या प्रश्नांत आईची मदत झाली. या परीक्षेत कायद्याचा कल, सामान्यज्ञान आणि इंग्रजी असतं, तसंच तर्कही असतो, आणि तर्कात 'रक्तसंबंध' नावाचं एक प्रकरण असतं. मी चटईवर बसून मोठ्यानं वाचत होतो: "एका स्त्रीकडे बोट दाखवून सविता म्हणाली, ही माझ्या मुलाच्या वडिलांच्या आईची एकुलती एक मुलगी आहे. तर ती स्त्री सविताची कोण?" मी कागदावर चौकोन काढले, बाण काढले, चौकोनात सविता लिहिलं.

"नणंद," आई वातींचा कापूस पिंजत म्हणाली.

मी मागं उत्तर बघितलं. बरोबर.

"पण एवढं फिरवून का सांगतेय ती?" आईला वेगळाच प्रश्न पडला होता. "तोंडानं नणंद म्हणवत नाही वाटतं. बोलणं बंद असणार दोघींचं."

पुढचे चाळीस प्रश्न तिनं अशाच वेगानं सोडवले, आणि प्रत्येक कुटुंबात काय बिनसलंय तेही सांगितलं. जी माणसं कुणाकडे तरी बोट दाखवून बोलतात त्यांच्यात वाटण्या झालेल्या असतात, असं तिचं निरीक्षण आहे. मला ते प्रश्न तयार करणाऱ्यांना कळवावंसं वाटतं. इंग्रजीतल्या उत्तरांवर मात्र ती नाराज होती. काका, मामा, आत्याचे यजमान आणि मावशीचे मिस्टर या सगळ्यांना एकाच 'अंकल'मध्ये कोंबणाऱ्या लोकांनी रक्तसंबंधांची परीक्षा घ्यावी हे तिला आगाऊपणाचं वाटलं.

लॅटिन वचनांचं पाठांतर मी सकाळी तिच्या स्तोत्रांच्या वेळेलाच धरलं. ती देव्हाऱ्याकडे तोंड करून, मी भिंतीकडे. अर्थ दोघांनाही पुरता कळत नव्हता, लय दोघांचीही चांगली होती. 'रेस इप्सा लोक्विटर', म्हणजे वस्तुस्थितीच बोलते आहे, वेगळा पुरावा नको, हे मी आठवडाभर घोकत होतो. एका सकाळी मला गॅसपाशी उभं करून बायको आंघोळीला गेली. ती परत आली तेव्हा दूध ओट्यावरून खाली उतरून फ्रीजच्या दिशेनं निघालं होतं, आणि मी हातात वही घेऊन तिथंच उभा. ती एकच वाक्य बोलली, आणि ते लॅटिनमध्ये होतं.

सगळ्यात वाईट परिस्थिती हाताची झाली. सीईटी संगणकावर असते, पर्यायावर टिचकी मारायची, शिवाय चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत. पण पुढं कॉलेजात तीन-तीन तास पेपर लिहायचे, म्हणून हात बसवायला रोज दोन पानं लिहायची असं ठरवलं. पहिल्या दिवशी अर्ध्या पानावर अंगठा वाकडा झाला आणि वाकडाच राहिला. सत्तावीस वर्षांत मी सहीखेरीज काही लिहिलेलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी पान पुरं केलं आणि मुलाला तपासायला दिलं. तो म्हणाला, "मजकूर ठीक आहे, पण प्रत्येक ओळीच्या शेवटी ही बारकी सही कशाला?" मी बघितलं. खरंच होती. जिथं जिथं खाडाखोड झाली होती तिथं तर पूर्ण सही आणि तारीख.

शाखेत बातमी फुटली तेव्हा प्रतिक्रिया संमिश्र होत्या. शिपाई मला त्याच दिवशी त्याच्या भावकीच्या बांधाची केस सांगू लागला, आणि फी किती हे विचारलंही नाही. मॅनेजर वयानं माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावलं. मला वाटलं समजूत काढतील. त्यांनी आवाज उतरवून विचारलं, "सर, वयाची अट खरंच नाही?" आमचे ते पॅनलवरचे वकील मात्र काळजीनं बोलले. त्यांचा हिशेब सरळ होता: एकावन्नाव्या वर्षी पदवी, मग बारची परीक्षा, मग कुणाच्या तरी हाताखाली ज्युनिअर. पहिली पाच वर्षं काम एकच, फायली उचलायच्या आणि पुढची तारीख मागायची. मी म्हटलं, तारखा तर मी आत्ताही सांगतोच. ते माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "हां, ते खरंय."

परीक्षेचं केंद्र गावाबाहेरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात आलं. आईनं हातावर दही ठेवलं. मुलाच्या परीक्षेच्या दिवशी त्याच्या नावाचं दही मीच चाटून बघितलं होतं, ते तिच्या लक्षात होतं. मनाची तयारी करून गेलो होतो की दारावरचा माणूस मला पालक समजून झाडाखाली बसवेल. तसं काही झालं नाही. रांगेत माझ्यापुढं एक शिक्षिका, तिच्यापुढं एक तलाठी, बाजूला सूनबाईंनी आणून सोडलेले एक निवृत्त इंजिनिअर. विशीतली पोरं चार-दोन होती आणि तीच बावरून इकडंतिकडं बघत होती, चुकीच्या समारंभात शिरल्यासारखी.

माझ्या मागं एक फौजदार होते. साध्या कपड्यांत, पण उभं राहण्यावरून कळत होतं. वय पंचावन्न. अठ्ठावन्नला निवृत्ती, म्हणजे बरोबर तीन वर्षं, असं गणित त्यांनी मी न विचारताच सांगितलं. रांग तपासणीपाशी आली. तपासणाऱ्या पोरानं "काका, हात वर करा" म्हटल्यावर त्यांनी हात वर करायच्या आधी त्याचं ओळखपत्र बघायला मागितलं. पोरानं घाबरून दाखवलं.

"अभ्यास झाला का?" मी विचारलं.

"कसला होतो! तीस वर्षं तीनशेदोन लिहिलं हो. आता एकशेतीन लिहायचं म्हणजे खून जरा किरकोळ झाल्यासारखा वाटतो."

त्यांच्या हातातल्या प्लास्टिकच्या फायलीत वरच प्रतिज्ञापत्र दिसत होतं. सीबीएससमोरच्या त्याच छत्रीखालचं, अक्षरं ओळखीची. कागद कॉलेजला लागायचे होते, आज कुणी मागणार नव्हतं, पण त्यांनीही माझ्यासारखेच सगळे बरोबर आणले होते.

"गॅपचं कारण काय टाकलंत?"

"आजारपण."

"मोठं दुखणं होतं?"

"छे, ठणठणीत आहे मी. तो टायपिस्ट म्हणत होता, घरगुती टाका, कुणी विचारत नाही." त्यांनी फाइल काखेत मारली. "पण आमच्या खात्यात घरगुती कारणाला मला कधी रजाच मिळाली नाही हो. तोंडातून आजारपणच निघालं."